दुसऱ्या पृथ्वीवरचं म्हातारपण

बॅटमॅन १९७९ साली मेला. 'ॲडव्हेंचर कॉमिक्स'च्या ४६२व्या अंकात. गोष्ट पॉल लेव्हिट्झची, चित्रं जो स्टेटनची. त्या वेळी तो खरं तर बॅटमॅन उरलाच नव्हता. मुखवटा बाजूला ठेवून तो गॉथमचा पोलीस कमिशनर झाला होता, केस पिकले होते, बायको (म्हणजे एके काळची कॅटवुमन) आधीच गेली होती आणि वकिली करणारी मुलगी हेलेना रात्री 'हंट्रेस' बनून शहरात हिंडत होती. बिल जेन्सन नावाच्या एका किरकोळ गुन्हेगाराच्या हाती अचानक जादूची ताकद आली आणि त्याला आवरताना ब्रूस वेनचा शेवट झाला. त्याच सुमारास शेजारच्या अंकांमधला बॅटमॅन मात्र नेहमीसारखा, तिशीच्या अलीकडे-पलीकडे, गच्च्यांवरून झेपा घेत होता. वाचकांचा त्यात काही गोंधळ झाला नाही. मेला तो 'अर्थ-टू'वरचा, दुसऱ्या पृथ्वीवरचा बॅटमॅन होता.

गेल्या काही वर्षांत मार्व्हल आणि डीसीच्या चित्रपटांनी मल्टिव्हर्स हा शब्द घरोघरी पोचवला, पण त्याचा उपयोग नेमका उलटा करून. आजच्या पडद्यावर दुसरं विश्व म्हणजे गेलेल्यांना परत आणण्याचं ठिकाण. कॉमिक्समध्ये ते बरीच वर्षं नायकांना म्हातारं होऊ देण्याचं, संसार करू देण्याचं आणि अखेर मरू देण्याचं ठिकाण होतं. ही उलटापालट कशी झाली ते पाहिलं, तर या गोष्टींची ओढ कशात आहे आणि त्या कुठे घसरतात, दोन्ही कळेल असं मला वाटतं.

उंबेर्तो एकोने १९६२ साली सुपरमॅनवर एक निबंध लिहिला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पुराणातल्या नायकाची गोष्ट आधीच घडून गेलेली असते, ती सर्वांना ठाऊक असते. कादंबरीतल्या माणसाची गोष्ट आपल्यासमोर घडते, पुढे काय होणार ते माहीत नसतं. सुपरमॅनला दोन्ही व्हायचंय. पण काही करणं म्हणजे आयुष्य थोडं खर्च करणं, मरणाकडे एक पाऊल सरकणं. आणि दर महिन्याला अंक विकायचा तर नायकाचं आयुष्य खर्च होऊन चालत नाही. म्हणून त्या काळच्या सुपरमॅनच्या गोष्टी स्वप्नासारख्या असत. मागच्या अंकात काय झालं याची पुढच्या अंकाला फिकीर नसे. लोइस लेनशी लग्न लावायचंच झालं, तर 'काल्पनिक कथा' असा शिक्का मारून ते लावत. जणू बाकीच्या कथा खऱ्या होत्या.

एको हे लिहीत होता त्याच सुमारास अटलांटिकपलीकडे त्यावरची एक वाट सापडली होती. सप्टेंबर १९६१चा 'द फ्लॅश'चा १२३वा अंक. लेखक गार्डनर फॉक्स, चित्रकार कार्माइन इन्फन्टिनो, संपादक ज्युलियस श्वार्ट्झ. अनाथ मुलांसमोर जादूचे प्रयोग करताना बॅरी ॲलन, म्हणजे त्या काळचा फ्लॅश, इतक्या वेगाने कंप पावतो की दुसऱ्याच पृथ्वीवर जाऊन पोचतो. तिथे त्याला जे गॅरिक भेटतो. हा १९४० साली अवतरलेला पहिला फ्लॅश; त्याचं कॉमिक १९४९ साली बंद पडलं होतं. बॅरीने लहानपणी त्याच्या गोष्टी वाचलेल्या असतात आणि त्यावरूनच स्वतःचं नाव घेतलेलं असतं. तो गॅरिकला सांगतो, की आमच्या जगात तुझ्या गोष्टी गार्डनर फॉक्स नावाचा एक लेखक लिहायचा आणि त्या त्याला म्हणे स्वप्नात दिसायच्या. फॉक्सने दोन्ही पिढ्यांच्या मध्ये स्वतःला असं नेऊन बसवलं.

पण त्या अंकातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट कंपाची किंवा स्वप्नाची नाही. जे गॅरिक तिथे वयस्क आहे. त्याचं लग्न झालंय, तो निवृत्त झालाय. कॉमिक बंद पडल्यावरही त्याची वर्षं सरत राहिली. वाचकाच्या वर्षांइतकीच.

(मल्टिव्हर्सचा विषय निघाला की क्वांटम भौतिकीचं नाव घेण्याची प्रथा पडली आहे. ह्यू एव्हरेटचा शोधनिबंध १९५७चा, हे खरं. पण १९७० साली ब्राइस डेविटने 'फिजिक्स टुडे'मध्ये लिहीपर्यंत भौतिकीवाल्यांनीही त्याच्याकडे फारसं पाहिलं नव्हतं, आणि त्या सिद्धान्तात एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर फेरफटका मारण्याची सोयही नाही. श्वार्ट्झ आणि फॉक्स यांच्यापुढचा प्रश्न विश्वाच्या रचनेचा नव्हता. जुन्या वाचकाच्या आठवणीतला नायक आणि नव्या वाचकाच्या हातातला नायक या दोघांना एकाच पानावर कसं आणायचं, हा होता.)

पुढची वीस-बावीस वर्षं अर्थ-टू ही वेळ सरण्याची मुभा असलेली जागा ठरली. १९६३पासून दर वर्षी दोन्ही पृथ्व्यांवरच्या नायकांचे संघ एकमेकांना भेटू लागले. १९७७ साली हेलेना वेन आली, म्हणजे बॅटमॅनला मोठी झालेली मुलगी मिळाली. १९७८ साली सुपरमॅनच्या चाळिसाव्या वर्षी तिथल्या सुपरमॅनचं लोइसशी लग्न लागलं, आणि या वेळी 'काल्पनिक' असा शिक्का मारावा लागला नाही. वर्षभरात बॅटमॅन मेला. पहिल्या पृथ्वीवर जे काही करता येत नव्हतं ते सगळं दुसरीवर करता आलं, आणि जे झालं ते झालं. दुसरं विश्व नायकांना परिणामांपासून वाचवत नव्हतं. परिणाम भोगायला ते त्यांना तिकडे पाठवत होतं.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का १९८५-८६ साली डीसीनेच दिला. मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांची 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही बारा अंकांची मालिका म्हणजे असंख्य पृथ्व्या नष्ट करून एकच उरवण्याची मोहीम होती. कारण दिलं गेलं ते नव्या वाचकाला हा गुंता झेपत नाही, असं. मालिका देखणी होती, पेरेझची गर्दीची पानं आजही बघत बसावीशी वाटतात. सुपरगर्ल मेली, बॅरी ॲलन मेला, आणि बॅरीचं मरण पुढे २००८पर्यंत टिकलं. कॉमिक्सच्या जगात तेवीस वर्षं म्हणजे फार झाली. पण हेलेना वेनच्या बाबतीत जे झालं ते वेगळं. ती मालिकेच्या शेवटच्या अंकात मारली गेली, आणि मग विश्वाचा इतिहास नव्याने लिहिताना ती कधी जन्मलीच नव्हती असं ठरलं. तिच्या वडिलांचं मरणही त्याबरोबर गेलं, कारण असे वडील नव्हतेच. मरण आणि नोंद खोडणं यांत फरक असतो. मेलेल्या पात्रासाठी वाचक हळहळतो. खोडलेल्या पात्राबाबत मात्र आपण इतकी वर्षं कशात जीव गुंतवला, असा प्रश्न त्याला पडतो. डीसीला ती एकच पृथ्वी फार काळ पुरली नाही. १९९४, २००५-०६, २०११ अशा साफसफाया होत राहिल्या आणि २००६-०७च्या '५२' या मालिकेने बावन्न विश्वं परत आणली.

आता पडद्याकडे येऊ. इथे अडचण बरोबर उलटी आहे. कागदावरचा नायक म्हातारा होत नाही, म्हणून त्याला म्हातारं होण्यासाठी दुसरी पृथ्वी लागली. पडद्यावरचा नायक म्हातारा होतो, कारण तो नट असतो. त्याचा करार संपतो, त्याला दुसरी कामं करायची असतात, कधी तो कंटाळतो. शिवाय हक्कांची भानगड आहे. स्पायडर-मॅनचे चित्रपट सोनीकडे, एक्स-मेनचे बरीच वर्षं फॉक्सकडे, उरलेले मार्व्हलकडे आणि मार्व्हल डिस्नेकडे. मार्च २०१९मध्ये डिस्नेने फॉक्सचा मनोरंजनाचा धंदा घेतला आणि ही भिंत थोडी पडली. चित्रपटांतलं मल्टिव्हर्स त्यानंतर भराला आलं, हा निव्वळ योगायोग नाही. दुसरं विश्व म्हणजे बहुतेकदा दुसऱ्या कंपनीचा जुना चित्रपट, आणि विश्वांमधलं दार उघडणं म्हणजे सह्या झालेला करार. 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'मध्ये (२०२४) हे इतकं उघड आहे की टीकाकाराला काही शोधून काढावं लागत नाही. टाकून दिलेल्या पात्रांच्या उजाड प्रदेशात 'ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स'ची ती भव्य अक्षरं चक्क मोडून पडलेली दाखवली आहेत.

त्या चित्रपटाची सुरुवात तर मल्टिव्हर्सच्या आजच्या अवस्थेचं चित्रच आहे. ह्यू जॅकमनने २००० सालापासून रंगवलेला वुल्व्हरिन जेम्स मॅनगोल्डच्या 'लोगन'मध्ये (२०१७) मेला होता. थकलेला, खोकणारा, जखमा न भरणारा लोगन. एका सुपरहिरोला पडद्यावर इतकं नीट मरू दिल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. सात वर्षांनी डेडपूल येतो, ती कबर उकरतो आणि त्या सांगाड्याची हाडं हत्यारं म्हणून वापरत गाण्याच्या तालावर माणसं मारतो. मी हसलो. प्रसंग हुशारीने रचलेला आहे आणि चित्रपट स्वतःची थट्टा करायला कचरत नाही. डिस्ने जॅकमनला नव्वदीपर्यंत राबवणार, असा विनोदही त्यातच आहे. पण थट्टा केली म्हणून व्यवहार बदलत नाही. 'लोगन'ला हात लावलेला नाही, हा दुसऱ्याच विश्वातला वुल्व्हरिन आहे, असं म्हणत त्यांनी 'लोगन'चाच मृतदेह दारात आणून ठेवला.

आपल्याकडे संगीत नाटकाच्या काळात आवडत्या पदाला वन्स मोअर मिळायचा, आणि प्रसंग कितीही करुण असो, नट उभा राहून पुन्हा गायचा. प्रेक्षक त्या क्षणी पात्राला बाजूला सारून गळ्याला दाद देत असे, आणि ते त्यालाही माहीत असे, नटालाही. मल्टिव्हर्सचे चित्रपट हा वन्स मोअर कथानकातच लिहून टाकतात. फरक इतकाच की तो मागण्याआधी मिळतो.

'स्पायडर-मॅन: नो वे होम'च्या (डिसेंबर २०२१) खेळांत काय झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. टोबी मॅग्वायर आणि अँड्र्यू गारफिल्ड दारातून आत आले तेव्हा पुढची काही मिनिटं संवाद ऐकूच येत नव्हते. मी त्या आरड्याओरड्याला नाक मुरडणारा नाही. वीस वर्षांत वाढलेल्या तीन पिढ्या एका अंधारात एकत्र ओरडत होत्या. मला प्रश्न पडतो तो असा, की 'नो वे होम' त्या ओरडण्याच्या पलीकडेही टिकतो आणि अशीच जमवाजमव केलेला 'द फ्लॅश' (२०२३) का कोसळतो? दोन्हींत जुने नट परत आणले, दोन्हींत काळ-विश्वाची मोडतोड आहे.

'नो वे होम'मध्ये जुने दोन पीटर येतात, पण त्यांची हरवलेली माणसं येत नाहीत. गारफिल्डच्या पीटरची प्रेयसी ग्वेन २०१४च्या चित्रपटात उंचावरून पडून मेली होती. तिच्या मूळ मरणाची कथा १९७३ची, गेरी कॉनवे आणि गिल केन यांची. इथे तो नव्या पीटरच्या मैत्रिणीला, एमजेला तशाच पडण्यातून वाचवतो आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते ग्वेन परत मिळाल्याचं नाही. आपण तेव्हा हे करू शकलो नव्हतो, याचं आहे. दुसऱ्या विश्वात येऊन त्याला त्याच्याच नुकसानीचं माप कळतं. इकडे मे काकू मरते आणि मेलेलीच राहते. शेवटी या नव्या पीटरला कुणीच ओळखत नाही. दार उघडण्याची किंमत त्यालाच मोजावी लागते.

'द फ्लॅश'मध्येही एक असा प्रसंग आहे. बॅरी भूतकाळात जाऊन आईला वाचवतो, त्यातून सगळं विस्कटतं, आणि शेवटी त्याला पुन्हा त्याच दुकानात जाऊन तिच्या ढकलगाडीतला टोमॅटोचा डबा काढून घ्यावा लागतो. तो डबा काढला की आई मरणार. आईला हा मुलगा कोण ते कळत नाही, ती त्याची विचारपूस करते. हा प्रसंग चित्रपटात आहे हे अनेकांना आठवतही नाही, कारण त्याच्या आगेमागे जो पसारा आहे त्यात तो दबून गेला. बॅरीची भूमिका करणाऱ्या एझ्रा मिलरभोवतीच्या वादांनी आणि स्टुडिओच्या बदलत्या धोरणांनी चित्रपटाचं नुकसान केलंच. पण खुद्द पटकथाच आपल्या दुःखाशी प्रामाणिक राहत नाही. आईचा डबा काढून घेतल्यावर बॅरी दुकानातले डबे वरच्या फळीवर ठेवतो, त्यामुळे आईच्या खुनाचा आरोप असलेल्या वडिलांचा चेहरा कॅमेऱ्यात येतो, ते सुटतात, आणि बदललेल्या जगाच्या खुणेदाखल जॉर्ज क्लूनी ब्रूस वेन म्हणून गाडीतून उतरतो. हशा. ज्या कृतीचे परिणाम अटळ आहेत हे शिकायला दोन तास घेतले, तीच कृती थोड्या प्रमाणात केली तर चालते, असा निष्कर्ष निघाला. त्याआधी विश्वांच्या टकरीच्या दृश्यात ख्रिस्तोफर रीव्ह आणि जॉर्ज रीव्ह्ज यांचे संगणकाने घडवलेले चेहरे सुपरमॅन म्हणून समोर येतात. रीव्ह २००४ साली गेला, रीव्ह्ज १९५९ साली. शेजारी निकोलस केज, टिम बर्टनसोबत तो करणार असलेल्या आणि कधीच न बनलेल्या चित्रपटाचा सुपरमॅन म्हणून. मेलेले नट आणि न घडलेला चित्रपट एकाच रांगेत उभे. पडद्यावर एवढी विश्वं एकावर एक आदळत असताना मला फक्त मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात आल्यासारखं वाटलं.

मराठी वाचकाला इथे वेताळ आठवेल. इंद्रजाल कॉमिक्समधून जो घरोघरी आला तो ली फॉकचा फँटम. तो अमर आहे अशी जंगलात समजूत असते, पण वाचकाला गुपित माहीत असतं: हा एकविसावा आहे, आधीचे वीस कवटीच्या गुहेत पुरले आहेत, आणि बापाच्या मरणाजवळ मुलगा शपथ घेऊन तोच पोशाख चढवतो. एकच मुखवटा, अनेक माणसं. इथेही बहुलता आहे, पण ती शेजारशेजारच्या विश्वांची नाही, एकापाठोपाठच्या पिढ्यांची. नवा वेताळ उभा राहण्यासाठी जुन्याला मरावंच लागतं. मला हा उपाय मल्टिव्हर्सपेक्षा प्रामाणिक वाटतो. नट बदलण्याची अडचण त्यातून सुटली असती. पण मग टाळ्या मिळवणारा जुना चेहरा परत आणता येत नाही, आणि धंद्याला तो चेहरा हवा असतो.

मल्टिव्हर्सची बाजू घ्यायची तर 'स्पायडर-व्हर्स'च्या चित्रपटांवरच घ्यावी लागेल. माइल्स मोरालेस २०११ साली ब्रायन मायकेल बेंडिस आणि सारा पिचेली यांनी निर्माण केला, तोही एका समांतर विश्वात आणि तिथला पीटर पार्कर मेल्यावर. हा खरा स्पायडर-मॅन नाही, अशी ओरड तेव्हा झालीच. २०१८च्या 'इन्टू द स्पायडर-व्हर्स'ने ऑस्कर घेतलं आणि ती ओरड फिकी पडली. कृष्णवर्णीय बाप आणि प्वेर्तोरिकन आई यांचा ब्रुकलिनमधला मुलगा पीटरला हटवून नव्हे, पीटरच्या शेजारी उभा राहिला. विश्वं अनेक असण्याचा हा लाभ मोठाच आहे. आपल्यापैकी काहींना तो २०२३च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मध्ये थेट जाणवला असेल. मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून केलेल्या 'मुंबॅटन'मध्ये पवित्र प्रभाकर भेटतो, आणि चित्रपट भारतात मराठीसह दहा भाषांत आला होता. पवित्र मुळात २००४चा, शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांच्या 'स्पायडर-मॅन: इंडिया' या छोट्या मालिकेतला: धोतर नेसणारा, काका भीम, काकू माया, गोब्लिनच्या जागी नलिन ओबेरॉय. ती मालिका म्हणजे पीटरच्या आयुष्याचा ओळीने केलेला भावानुवाद होती, हे मान्य करावं लागेल. चित्रपटातला पवित्र जास्त जिवंत आहे, कारण तिथे त्याला पीटरसारखं असायचं नाही; तो आपल्याच मस्तीत आहे, आणि अजून त्याचं काही हरवलेलं नाही.

तिथेच तो चित्रपट आपला खरा प्रश्न विचारतो. मिगेल ओ'हारा नावाचा स्पायडर-मॅन सगळ्या विश्वांवर पाळत ठेवून असतो. त्याच्या मते काही घटना प्रत्येक विश्वात घडल्याच पाहिजेत: जवळचं माणूस मरणार, ओळखीचा पोलीस अधिकारी मरणार. त्या चुकल्या तर विश्व फाटतं. मुंबॅटनमध्ये माइल्स पवित्रच्या मैत्रिणीच्या वडिलांना, इन्स्पेक्टर सिंगना वाचवतो आणि जमिनीला भगदाड पडतं. आता माइल्सचे वडील पोलीस कॅप्टन होणार आहेत, आणि मिगेल त्याला सांगतो, त्यांना मरू दे. मिगेल म्हणजे कॉमिक्सचा संपादकच, नियमावली सांभाळणारा. आणि तो माइल्सवर ओरडणारा चाहताही आहे.

हे ऐकून मला अध्यात्म रामायणातली सीता आठवली. राम तिला वनात न्यायला तयार नसतो तेव्हा ती म्हणते, मी पुष्कळ रामायणं ऐकली आहेत, सीतेशिवाय राम वनात गेला असं कुठे आहे का? हाच मिगेलचा युक्तिवाद: सगळ्या आवृत्त्यांत असं घडतं, म्हणून इथेही घडायला हवं. पण सीता तो स्वतःसाठी वापरते. आपला हक्क मिळवण्यासाठी, आणि त्यातून स्वतःवरच संकट ओढवून घेत. मिगेल दुसऱ्याच्या बापाचं मरण त्यातून सिद्ध करतो. (मल्टिव्हर्स आमच्याकडे आधीच होतं, असं सांगण्यासाठी मी हे उदाहरण देत नाही. तो छंद ज्यांना आहे त्यांना योगवासिष्ठातली लीलेची गोष्ट पुरेल. तिथे एका खोलीत आख्खं राज्य मावतं आणि लीलाही दोन असतात.) रामाच्या हरवलेल्या अंगठीची लोककथाही इथे जुळते. हनुमान ती शोधत पाताळात जातो, तर तिथला राजा त्याच्यापुढे ताट ठेवतो; त्यात हजारो अंगठ्या आणि सगळ्या रामाच्याच. राम असंख्य झाले. पण प्रत्येकाची अंगठी एकदाच पडते, आणि ती पडली की त्या रामाचा अवतार संपतो. एका रामाच्या जागी दुसरा राम अयोध्येत आणून बसवत नाहीत.

आपल्या भाषेत या विषयावरची सर्वांत नेमकी गोष्ट जयंत नारळीकरांची, 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पानिपत आपण जिंकलो असतो तर काय, या विचारात असताना अपघातात सापडतात आणि त्या 'तर'मध्येच जाऊन पोचतात. १७६१ साली विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे चाटून गेली आहे. एखाद्याने या कल्पनेवर भगवं वैभव उभं केलं असतं. नारळीकर काय करतात? मुंबईवर अजून ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल आहे. पंत तिथे आपल्या मुलाची चौकशी करायला एका कचेरीत जातात, तर त्या नावाचं तिथे कुणी नाही. मग ग्रंथालयात बसून ते इतिहास वाचतात. पुढे मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून सवयीने जाऊन बसतात, तर लोक त्यांना हुसकावून लावतात. त्या जगाने अध्यक्षीय भाषणांची प्रथाच मोडीत काढली आहे. ज्या जगात पानिपत जिंकलं त्या जगाला पानिपताच्या या तज्ज्ञाची गरज उरलेली नाही. खिशात बखरीचं एक फाटकं पान घेऊन ते परत येतात. मोठी हानी भरून निघाली की लहान माणसं कुठे जातात, हे नारळीकरांनी एका कचेरीच्या स्वागतकक्षात दाखवलं, आणि त्यावर भाष्य केलं नाही.

अर्थात विश्वं अनंत असली की निवडीला काही अर्थ उरत नाही, हा आक्षेप खरा आहे. लॅरी निव्हनने १९६८च्या एका कथेत तो टोकाला नेला होता: समांतर जगांचा शोध लागल्यावर लोक कारण नसताना जीव देऊ लागतात, कारण कुठे ना कुठे तरी आपण तो दिलेलाच असतो. पण 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स'ने (२०२२) हा आक्षेप टाळला नाही, त्यालाच खलनायिका केलं. सगळी विश्वं पाहून झाल्यावर नायिका एव्हलिनच्या मुलीला, जॉयला कशाचंच काही वाटेनासं झालंय. आणि एव्हलिनला दुसऱ्या विश्वांत काय दिसतं? ती नटी झाली असती, गायिका झाली असती, आचारी झाली असती. तिच्या लाँड्रीच्या धंद्यात कराच्या कागदांशी झगडणारी एव्हलिन ही सर्व विश्वांतली सर्वांत अयशस्वी एव्हलिन आहे, असं तिला सांगितलं जातं. कुठलंही विश्व तिला तिचं आयुष्य बदलून देत नाही. वेमंडसारखा नवरा जे एक विश्व तिला देतं ते नेमकं हेच, करांच्या कागदांचं. सुपरहिरोच्या तुलनेत किरकोळ खर्चात बनलेल्या या चित्रपटाला मार्च २०२३मध्ये सात ऑस्कर मिळाली, तेव्हा मोठ्या स्टुडिओंनी त्यातून काय शिकावं याची चर्चा झाली. शिकलं कुणी फारसं नाही.

मार्व्हलच्याच घरातलं एक उदाहरण त्या चर्चेत कमी आलं. गमोरा 'इन्फिनिटी वॉर'मध्ये (२०१८) मेली, आणि 'एंडगेम'मध्ये (२०१९) काळाच्या वेगळ्या फांदीवरची गमोरा आली. तिला आधीच्या गमोराचा प्रियकर पीटर क्विल ठाऊक नाही. साध्या हिशेबाने पुढच्या चित्रपटात ती हळूहळू त्याच्या प्रेमात पडायला हवी होती, आणि प्रेक्षकांनी ते मानलंही असतं. जेम्स गनने 'गार्डियन्स'च्या तिसऱ्या भागात (२०२३) ते नाकारलं. ही गमोरा वेगळं आयुष्य जगून आली आहे, तिचं स्वतःचं टोळकं आहे, क्विलचं तिच्याकडे आशेने पाहणं तिला कंटाळवाणं आणि अधूनमधून केविलवाणं वाटतं. आपण काही बदली म्हणून आलेलो नाही, हे ती वागण्यातून सांगते आणि शेवटी आपल्या माणसांकडे निघून जाते. दुसऱ्या विश्वातल्या माणसालाही स्वतःचं मन असतं, एवढी साधी गोष्ट इतक्या मोठ्या यंत्रणेत एका दिग्दर्शकाला सुचली.

जुलै २०२४मध्ये सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये रॉबर्ट डाउनी ज्युनिअरने मुखवटा काढला आणि डॉक्टर डूमची भूमिका आपण करणार असल्याचं जाहीर झालं. 'एंडगेम'मध्ये त्याने रंगवलेला टोनी स्टार्क मेल्याला पाच वर्षं झाली होती. सभागृहातला जल्लोष डूमसाठी नव्हता. डूम हा १९६२पासूनचा खलनायक, जॅक किर्बी आणि स्टॅन ली यांचा, लोखंडी मुखवट्यामागे चेहरा लपवणारा. आणि मार्व्हलने त्याच्यासाठी निवडला तो जगात सर्वांत जास्त ओळखला जाणारा चेहरा. टोनीला ओळखणाऱ्या पात्रांना तो चेहरा दिसून काहीच होणार नसेल, तर ती निव्वळ तिकीटबारीची सोय ठरेल. त्यांना काही झालं, आणि समोरच्या माणसाला त्यांच्या दुःखाशी गमोराइतकंच देणंघेणं नसलं, तर मात्र हे लिहिणाऱ्याचं बरंचसं म्हणणं त्यांनी त्याच्याआधी ओळखलं, असं मानावं लागेल.